एकविसावा दिवस

गौरी उभ्या करण्यात वैजयंती पाटणकरचा हात कॉलनीत कुणी धरू शकत नसे. लोखंडी सांगाड्याला ती अशी साडी नेसवायची की बघणारीनं निऱ्या मोजून घ्याव्यात. बारा वर्षं पूजेला बसायचा मानही तिचाच होता. तेराव्या वर्षी, म्हणजे गेल्या भाद्रपदात, ऐन पूजनाच्या पहाटे तिची पाळी आली. तीही चांगली पाच दिवस आधी!

आता कऱ्हाडात औषधं ड्रोननं यायला लागली होती, गाड्या आपल्या आपण घाटातून चढत होत्या. पण पाटणकरांच्या घरी पाळी आली की बाईनं देवापासून चार हात लांब राहायचं, यात तसूभर फरक पडला नव्हता. सासूबाई, म्हणजे माई, आदळआपट करणाऱ्या नव्हत्या. "असू दे गं. ऋजुता बसेल," एवढंच म्हणाल्या.

ऋजुता ही धाकटी जाऊ. वयानं वैजयंतीपेक्षा दोन वर्षांनी मोठी, पण नात्यानं लहान, म्हणून ती वैजयंतीला "अहो वहिनी" म्हणायची आणि वैजयंती तिला "अगं". बाई धरणावर अभियंता. भिंतीच्या पोटात बसवलेले शेकडो सेन्सर काय बोलतात ते ही घरात बसून वाचायची. त्या दिवशी ती ओले केस तसेच गुंडाळून पूजेला बसली, आणि मागच्या खोलीत बसलेल्या वैजयंतीला माईंचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "या वर्षी गौरी अगदी हसल्यासारख्या वाटतात, नाही?"

उभ्या मी केल्या, आणि हसल्या हिला बघून! वैजयंतीच्या अंगाचा तिळपापड झाला. तो वर्षभर काही शमला नाही.

खरं तर ऋजुताचं सगळंच तिला खुपायचं. पगार, इंग्रजी, दिराचं बायकोला विचारल्याशिवाय पान न हलणं, सगळंच. एकाच बाबतीत वैजयंतीचं पारडं जड होतं. तिला दोन मुलं होती, आणि ऋजुताला लग्नाला नऊ वर्षं होऊनही मूल नव्हतं. कुणाच्या डोहाळजेवणाचं आमंत्रण आलं आणि ऋजुताचा चेहरा उतरला, की वैजयंतीला तिच्याबद्दल वाईट वाटायचं. पण त्या वाईट वाटण्याच्या खाली बरंही वाटायचं, आणि ते तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि श्रावणात नेमक्या त्याच गोष्टीवर ऋजुताचा हात आला.

रुजवण केंद्राच्या डॉक्टर नफिसा मुजावर यांनी दोन्ही भाऊ, दोन्ही जावा आणि माई अशी सगळी वरात समोर बसवली. भिंतीवरच्या पडद्यावर एक गोळा हळूहळू गडगडत होता.

"हा सहा दिवसांचा गर्भ," डॉक्टर म्हणाल्या. "कवच फोडून बाहेर आलाय. आता याला गर्भाशयाच्या अस्तरावर रुजायचंय. अस्तराच्या पेशींवर एरवी म्यूसिन नावाच्या प्रथिनाचं उंच गवत असतं. ते कुणालाच टेकू देत नाही. पाळीच्या विसाव्या दिवसापासून तीन-चार दिवस मात्र हे गवत जागोजागी विरळ होतं आणि त्याखालून दुसरी प्रथिनं वर येतात. त्यांना इंटेग्रिन म्हणतात. हे पेशीचे हात समजा. गर्भ गडगडत येतो, एका हाताला अडखळतो, दुसऱ्याला धरतो आणि थांबतो. थांबला तरच रुजतो. चार दिवसांत हे झालं नाही, तर ती संधी गेली."

"आणि हिचे हात?" दीर हेरंबनं विचारलं.

"पेशीच्या आत तयार होतात, पण पृष्ठभागावर येतच नाहीत. म्हणून तीन गर्भ सोडले, तिन्ही घसरून गेले. शेवटचा एक गोठवून ठेवलाय. ऋजुताचं वय अडतीस. नवी बीजं मिळतील याची खात्री मी देणार नाही."

ऋजुता पडद्याकडे बघत होती. धरणाचा तक्ता वाचताना बघायची तशीच, पापणी न लववता.

मग डॉक्टरांनी नवा उपाय सांगितला. प्रत्येक पेशी आपल्या पृष्ठभागाचे अतिसूक्ष्म बुडबुडे सतत सोडत असते. त्या बुडबुड्यांच्या पापुद्र्यावर तीच प्रथिनं असतात. एका बाईच्या अस्तरातले बुडबुडे दुसरीच्या अस्तरावर सोडले, की ते तिथल्या पेशींत मिसळतात आणि त्या पेशींना चार दिवसांपुरते हात मिळतात. याला केंद्रात उसना लेप म्हणायचे. त्यातून मूल कुणाचं हे बदलत नाही, रक्ताचा, वंशाचा काही संबंध नाही. फक्त कुणाचा लेप कुणाला चालेल याचा नेम नसतो. म्हणून केंद्रानं अकरा बायकांच्या अस्तराच्या पट्ट्या तयार करून त्यांवर ऋजुताचा एक न वाढलेला, टाकून द्यायचा गर्भ लोळवून बघितला होता. माईंच्या आग्रहावरून वैजयंतीनंही नमुना दिला होता. जमणार थोडंच आहे, या भरवशावर.

"दहा पट्ट्यांवरून तो घसरला," डॉक्टर म्हणाल्या, "आणि वैजयंतीताईंच्या पट्टीवर चाळीस सेकंदांत थांबला. मी इतकी पकड फार कमी वेळा बघितलीय."

सगळ्यांनी वैजयंतीकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा या घरात सगळे एकदम तिच्याकडे बघत होते. मुकुंद, तिचा नवरा, तर असा फुलला होता की जणू त्यानंच ती प्रथिनं दुकानातून आणून दिली होती.

"वहिनी, द्याल?" ऋजुतानं विचारलं.

"हे काय विचारणं झालं?" वैजयंती म्हणाली. दुसरं काय म्हणणार? मनात मात्र म्हणाली, एवढी एक गोष्ट माझी होती गं बाई. तीही हवी का तुला?

निघताना डॉक्टरांनी बजावलं, "पुढच्या महिन्यात विसाव्या-एकविसाव्या दिवशी नमुना घेऊ. तोपर्यंत हार्मोनची कुठलीही गोळी घ्यायची नाही. गोळीनं हातांची संख्या तेवढीच दिसते, पण हात मिटलेले राहतात. आमच्या यंत्राला हात मोजता येतात, उघडे की मिटलेले ते कळत नाही. ते बघायला गर्भच लोळवावा लागतो, आणि आपल्याकडे आता एकच आहे."

वैजयंतीनं मान डोलावली. तिला सगळं समजलं होतं. हे पुढं महत्त्वाचं ठरलं.

घरी येऊन तिनं पंचांग उघडलं. गौरीपूजन तिच्या चोविसाव्या दिवशी येत होतं. एरवी तिची पाळी अठ्ठाविसाव्या दिवशी यायची. म्हणजे काळजीचं कारण नव्हतं. पण गेल्या वर्षीही नव्हतंच की! गेल्या वर्षी तेविसाव्या दिवशी दगा दिलाच होता ना? या वर्षी पुन्हा तसं झालं, तर ऋजुता पुन्हा ओले केस गुंडाळून बसणार. पूजा तिची, पोटात बाळ तिचं, कौतुक तिचं. मग माझं काय? मी मागच्या खोलीत बसून हात उसने देणारी?

मेडिकलमध्ये पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या मागायला कुणाला लाज वाटत नाही. भाद्रपदात त्या साबुदाण्यासारख्या खपतात. अठराव्या दिवशी सकाळी वैजयंतीनं पहिली गोळी घेतली. हातात धरून जरा थांबली, नाही असं नाही. मग मनाशी म्हणाली, एक लहानशी गोळी ती काय, आणि माझं अंग आहे, माझा देव आहे. आणि घेतली.

ऋषिपंचमीला, तिच्या एकविसाव्या दिवशी, केंद्रात नमुना द्यायचा होता. परिचारिकेनं पाटीवरचे प्रश्न वाचले. ताप? नाही. जंतुसंसर्ग? नाही. हार्मोनची कुठली गोळी?

"नाही," वैजयंती म्हणाली. शब्द इतका सहज आला की तिचं तिलाच नवल वाटलं.

यंत्रानं हात मोजले. भरपूर निघाले. डॉक्टर खूश झाल्या. "तीन दिवसांत लेप तयार होईल," त्या म्हणाल्या. "ऋजुताच्या अस्तराची खिडकीही तेव्हाच उघडी आहे. मग परवा नाही, तेरवा सकाळी. अकराला गर्भ बर्फातून काढू, बारा वाजता सोडू."

तेरवा म्हणजे गौरीपूजन.

वैजयंतीला हसावं की रडावं कळेना. त्या दिवशी ऋजुता घरी असणारच नव्हती! पूजेला बसायला दुसरं कुणी नव्हतंच. गोळ्या घ्यायचं काही कारणच उरलं नव्हतं. त्या क्षणी ती परत डॉक्टरांच्या खोलीत गेली असती तर सगळं मिटलं असतं. पण बाहेर गाडीत माई ऋजुताचा हात हातात घेऊन बसल्या होत्या आणि म्हणत होत्या, "पूजनाच्याच दिवशी योग आला बघ. या वर्षी घरात खरी गौर येणार." वैजयंतीनं ते ऐकलं, पुढच्या सीटवर बसली आणि दार ओढून घेतलं.

आवाहनाच्या संध्याकाळी उंबऱ्यापासून देवघरापर्यंत पावलं उमटवली. वैजयंती मुखवटा ताटात घेऊन पुढं, ऋजुता मागं. "गौर आली, गौर आली," बायका म्हणाल्या. "कशाच्या पावलांनी आली?" "सोन्याच्या पावलांनी आली." प्रत्येक खोलीशी थांबून विचारायचं, इथं काय आहे? स्वयंपाकघरात दूधदुभतं आहे, कपाटाशी धनधान्य आहे. ऋजुताच्या खोलीशी आल्यावर कॉलनीतल्या वर्षाकाकू मोठ्यानं म्हणाल्या, "इथं पाळणा आहे!" सगळ्या हसल्या. ऋजुताच्या डोळ्यांत पाणी आलं. वैजयंतीच्या खोलीशी कुणी थांबलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ऋजुता केंद्रात जायला निघाली. माई म्हणाल्या, "थोरलीनंच ओटी भर हिची." वैजयंतीनं तांदूळ, नारळ, खण तिच्या पदरात घातला. ऋजुता वाकली, आणि उठताना हळूच म्हणाली, "वहिनी, मला तुमचा फार हेवा वाटायचा. आता नाही वाटत. आता तुमचंच थोडं माझ्यात असणार."

"निघ आता, उशीर होईल," वैजयंती म्हणाली.

गाडी गेली. वैजयंतीनं सातवी गोळी पाण्याबरोबर गिळली, जरीचं लुगडं नेसली आणि पूजेला बसली.

काय गौरी दिसत होत्या! ज्येष्ठेला जांभळी साडी, कनिष्ठेला आंबा रंग. सोळा भाज्या, पुरण, कटाची आमटी. कॉलनीतल्या वीस-पंचवीस बायका दाटीवाटीनं बसलेल्या. टोरांटोची आत्या भिंतीवरच्या पडद्यात पदर सावरून हात जोडून होती. सगळं जसं हवं तसं, जिच्यासाठी वर्षभर जीव जाळला ती जागा पुरेपूर तिची. आणि बायका काय बोलत होत्या? "ऋजुताचं किती वाजता आहे हो?" "बाराला ना?" "सव्वाबाराला सगळ्यांनी मिळून आरती करू, तिच्या नावानं."

तिच्या नावानं!

वैजयंतीनं हळद-कुंकू वाहिलं. घड्याळात दहा पन्नास झाले होते. तिच्या मनात आलं, गर्भ सोडतील. तो गडगडत जाईल. हात भरपूर आहेत, पण सगळे मिटलेले. घसरेल. दोन आठवड्यांनी डॉक्टर म्हणतील, गर्भच कच्चा होता. कुणाला कधी कळणार नाही. ऋजुता माझ्याच गळ्यात पडून रडेल आणि म्हणेल, वहिनी, तुम्ही तुमचं दिलंत हो.

आणि वैजयंतीला बरं वाटलं.

ते बरं वाटणं तिनं अगदी समोर बघितलं. डोहाळजेवणाच्या आमंत्रणाखाली ते इतकी वर्षं दडून असायचं, आता उजेडात आलं होतं. हातात कुंकवाची चिमूट होती, समोर दोन मुखवटे होते, आणि एक बाई दुसरीचं मूल पडायची वाट बघत होती. "अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली. तिला इतकी भीती दोन्ही बाळंतपणांतही वाटली नव्हती.

ती उठली.

"अगं, पूजेतून उठायचं नसतं!" माई ओरडल्या.

वैजयंतीनं मनगटावरची पट्टी दाबून केंद्राला फोन लावला. घाईत बोट चुकीच्या जागी पडलं आणि बोलणं कानात येण्याऐवजी खोलीभर वाजायला लागलं. ते बंद करायला तिला सुचलं नाही. "डॉक्टर मुजावर? मी वैजयंती पाटणकर. गर्भ बाहेर काढलात का?"

"आत्ता काढतोच आहे. लेप लावून झालाय. काय झालं?"

"काढू नका. मी गोळ्या घेतल्यात. पाळी पुढं ढकलायच्या. अठराव्या दिवसापासून. नमुना दिला तेव्हा चालू होत्या."

पलीकडे कुणीतरी काहीतरी धातूचं खाली ठेवलं. मग डॉक्टरांचा आवाज आला, अगदी थंड. "तुम्हाला मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. मला समजलंही होतं. मी खोटं बोलले."

"गर्भ अजून बर्फात आहे. आम्ही थांबतो," डॉक्टर म्हणाल्या. आणि त्यांच्यामागून दुसरा आवाज आला, ऋजुताचा. "वहिनींना विचारा, का?"

पंचवीस बायका ऐकत होत्या. टोरांटोची आत्या पडद्यात हात जोडलेलेच ठेवून बसली होती. वैजयंती म्हणाली, "गेल्या वर्षी तू पूजेला बसलीस म्हणून. मला सहन झालं नाही. तुझं काहीच मला सहन होत नाही गं."

फोन बंद झाला. वर्षाकाकूच घसा खाकरून म्हणाल्या, "आरती करून घेऊ या का?" वैजयंतीनं निरांजन माईंच्या हातात दिलं आणि मागच्या खोलीत जाऊन बसली. या वेळी तिला तिथं कुणी पाठवलं नव्हतं.

दुपारी माई आत आल्या. "मला बोलली असतीस तर?"

"काय बोलणार होते, माई? तुम्हीच म्हणालात, या वर्षी गौरी हसल्यासारख्या वाटतात."

माईंना ते आठवेना. त्यांनी खरंच आठवून बघितलं, कपाळाला आठ्या घालून. त्यांनी ते सहज म्हटलं होतं, आणि विसरूनही गेल्या होत्या. मग त्या जवळ बसल्या, पण समजूत घालावी की रागवावं हे त्यांना ठरवता आलं नाही.

ऋजुता संध्याकाळी परत आली. ती वैजयंतीच्या खोलीवरून सरळ पुढं निघून गेली. पुढचे तीन दिवस ती जावेशी एक अक्षर बोलली नाही. हेरंबनं ताट वेगळं घेतलं. मुकुंद बायकोकडे असा बघायचा की घरात नवीनच कुणी राहायला आलंय. गौरी गेल्या, गणपती होते. वैजयंती भाकऱ्या थापत होती, मुलांचे डबे भरत होती, आणि गोळी बंद केल्यावर अंग काय करतंय याकडे कान लावून बसली होती. पाळीची अशी वाट तिनं उभ्या जन्मात बघितली नव्हती.

द्वादशीला सकाळी पाळी आली.

तिनं आधी केस धुतले, मग थेट ऋजुताच्या दारात गेली. दार उघडंच होतं. ऋजुता पडद्यावर धरणाचे आकडे बघत होती.

"आज पहिला दिवस," वैजयंती म्हणाली.

ऋजुतानं वळून बघितलं. डोळे सुजलेले होते, आवाज मात्र कोरडा होता. "खरं?"

"खरं."

"डॉक्टर म्हणाल्या, पुढच्या महिन्यात पुन्हा घेता येईल. दुसरी कुणी जुळत नाही. मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं." ती थांबली. "दुसरी कुणी असती ना, वहिनी, तर मी तुमचं तोंडही बघितलं नसतं."

"ठाऊक आहे मला."

"रोज रात्री औषधाचं कपाट मी बघणार. मेडिकलवालाही माझ्या ओळखीचा आहे. आणि दिवस मी मोजणार, तुमच्यावर सोडणार नाही."

"मोज," वैजयंती म्हणाली.

ऋजुतानं बोटं दुमडत मोजलं. आज द्वादशी. पौर्णिमा, मग पितृपक्ष, अमावास्या, घट. "दुसऱ्या माळेला येतो एकविसावा," ती म्हणाली आणि पडद्याकडे वळली.

त्याच दिवशी माईंचा एकवीस मोदकांचा नैवेद्य होता. वैजयंती ओट्यापाशी जाऊ शकत नव्हती आणि माईंचे हात दुखत होते, म्हणून उकड ऋजुताच्या पुढ्यात आली. वैजयंती दाराबाहेर पाटावर बसली. ऋजुताच्या पारीला कळ्या काही येईनात. एक फाटली, दुसरीच्या कडा सुटून सारण खाली आलं. तिसरा मोदक तिनं रागानं परत परातीत आपटला.

वैजयंतीच्या आत तो ओळखीचा जाळ उठला. माझी उकड, माझी परात, आणि बघा कशी नासतेय! तिनं तो उठू दिला. तो कधी जाणार नव्हता, हे तिला आता कळलं होतं.

"बोटाला पाणी लाव," ती दारातून म्हणाली. "थोडंच. आणि दाबू नकोस, नुसतं टेकव. मग कडा आपोआप धरतात."

ऋजुतानं मागं वळून बघितलं नाही. जरा वेळ हात तसेच धरून बसली. मग तिनं वाटीत बोट बुडवलं, पारीच्या कडा हलकेच एकमेकींना टेकवल्या आणि सोडून दिल्या.

मोदक उभा राहिला.

"एक," वैजयंती म्हणाली.

"मोजायचं मी म्हटलंय," ऋजुता म्हणाली, आणि पुढची पारी हातावर घेतली.